जुना साठा संपेपर्यंत

४ सप्टेंबर, सोमवार

नव्या गावातला पहिला दिवस, आणि तक्रार करण्याजोगे काहीही नाही. ही नोंद मुद्दाम आरंभीच करून ठेवतो. पुढे कधी तक्रारी सुचल्याच, तर त्या मूळच्या नव्हत्या एवढे तरी सिद्ध करता येईल.

घर पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडे एक लांबट खिडकी. खाली पुस्तकबांधणीचे दुकान असल्यामुळे जिन्यात खळीचा वास असतो. तो मला आवडला. जिन्याच्या पायऱ्या एकोणीस, मी मोजल्या. हिने विचारले की पायऱ्या मोजून माणसाला मिळतं काय. मी म्हणालो, ज्ञान. त्यावर ही म्हणाली की ज्ञान तुम्हाला आणि चढणं मला, छान वाटणी आहे. आणि उजवा गुडघा धरून मधल्या वळणावर बसली ती पाच मिनिटे उठली नाही. मी दोन बॅगा वर ठेवून परत आलो, तेव्हा हिचे बोलणे अडले होते तिथूनच पुढे सुरू झाले.

चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला सहासष्टाव्या वर्षी कुणी तपासनीस म्हणून बोलावते, हे मला स्वतःला काहीसे अतर्क्य वाटते. हिला नाही. हिचे मत असे की घरात बसून फुकट माझ्याशी वाद घालण्यापेक्षा पगार घेऊन कुणाशीही घाला.

५ सप्टेंबर, मंगळवार

काम समजले आणि पसंत पडले.

एखादे यंत्र बिघडले की दुरुस्ती करणाऱ्याला नेमका कुठला भाग मागवायचा ते कळावे लागते. त्यासाठी प्रत्येक यंत्राचे एक सचित्र पुस्तक असते. डाव्या पानावर चित्र: यंत्र जणू हवेत उलगडले आहे, प्रत्येक भाग आपल्या जागेवरून सरकून थांबला आहे आणि तुटक रेघ त्याला त्याच्या जागेशी जोडते आहे. भागाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. त्याला इथे फुगा म्हणतात. उजव्या पानावर तक्ता: फुग्याचा आकडा, भागाचा क्रमांक, नाव, नग, शेरा. हा तक्ता कुणी हाताने लिहीत नाही. सगळे भाग डेटाबेसमध्ये नोंदलेले असतात. संगणक तिथून ओळी उचलतो, त्या पानात ओततो, आणि दर सोमवारी नवी आवृत्ती छापून बाहेर पडते. प्रत्येक फुग्याला ओळ आहे आणि प्रत्येक ओळीला फुगा आहे, हे पडताळायचे आणि 'तपासले' या चौकटीत टिक करायची, इतकेच माझे काम. याहून निर्मळ काम मी आयुष्यात पाहिलेले नाही.

कचेरीत आम्ही तिघे. पाने लावणाऱ्या बाईंना सगळे मांडणीबाई म्हणतात. पन्नाशीच्या आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधतात, आणि मला 'सर' म्हणत पहिल्या तासातच माझी फिरकी घेऊन झाली. चित्रे काढणारा गृहस्थ रेघोबा या नावाने ओळखला जातो. तो दिवसाला फार तर दहा शब्द बोलतो, त्यांतले चार चहासंबंधी असतात.

भिंतीवर एक पाटी आहे: पुस्तकात व यंत्रात फरक आढळल्यास यंत्र दुरुस्त करावे. मी हरकत घेतली. विधान वस्तूला अनुसरते, वस्तू विधानाला नव्हे. मांडणीबाई म्हणाल्या, "सर, तो मेकॅनिक बसलाय कुठल्या कुठे. त्याला तुमची वस्तू दिसत नाही, पान दिसतं. पान म्हणेल ते तो बसवतो."

७ सप्टेंबर, गुरुवार

आज क्रमांकांचा नियम शिकलो. नियम सुंदर आहे.

एकदा दिलेला क्रमांक कधीही पुसला जात नाही. भागात बदल झाला, पण जुन्याच्या जागी नवा बिनतक्रार बसतो आणि तेच काम करतो, तर क्रमांक तोच राहतो. काम बदलले, तर नवा क्रमांक पडतो आणि जुन्यावर शेरा बसतो. एवढ्यावर भागत नाही. तो भाग ज्याच्या पोटात बसतो, त्यालाही नवा क्रमांक पडतो. आणि ते ज्याच्या पोटात, त्यालाही. मांडणीबाईंच्या शब्दांत, लेकरू बदललं की आई बदलते. हे सारे संगणक आपणहून करतो. विद्यार्थ्यांना व्याप्ती, म्हणजे जिथे धूर तिथे अग्नी असा अटळ संबंध, समजावताना मला इतका चोख दृष्टांत कधी सापडला नव्हता.

शेरेही ठरलेले आहेत. 'सुटा मिळत नाही.' 'आता बनत नाही.' 'जुना साठा संपेपर्यंत वापरावा.'

इथली एक प्रथा अशी की नव्या माणसाने सरावासाठी स्वतःच्या घराचा संच तयार करायचा. दार, खिडकी, नळ, खुर्च्या, सगळ्यांची ओळीने नोंद करायची. हात बसतो. मात्र सरावाच्या संचाला टिक करायची नाही, असे मांडणीबाईंनी दोनदा बजावले. कारण विचारले तर म्हणाल्या, टिक झाली की तो सराव राहत नाही. हे कारण नव्हे, पुनरुक्ती आहे; मी तसे त्यांना नम्रपणे सांगितले.

९ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर घराची मोजदाद केली. ही माझ्यामागून फिरत होती. स्वयंपाकघरातला नळ 'गळका' असे लिहिले तर म्हणाली की चला, अडतीस वर्षांत एकदाची गळकी वस्तू तुमच्या नजरेला पडली. शेवटी यादी हातात घेऊन वाचली आणि विचारले की एवढी भांडीकुंडी लिहिलीत, मी कुठाय?

प्रश्न वाजवी होता. यादी अपुरी होती. मग हिनेच सांगितले आणि मी लिहिले. पत्नी, नग एक. दुसरा नग तुम्हाला झेपायचा नाही. चष्मा, एक. दात, खरे, सव्वीस. जीभ, एक, शेऱ्यात लिहा, सुटी मिळत नाही. डावा गुडघा, एक. उजवा गुडघा, दुखरा, एक.

दुखरा का, ते हिने लिहू दिले नाही. म्हणाली, ते तुम्हाला पाठ आहे. आहेच. लग्नाला दोन महिने झाले होते. मी सायकल चालवत होतो, ही मागे बसली होती. मी एक मुद्दा मांडत होतो, आणि हिला तो पटला की नाही ते पाहण्यासाठी मागे वळलो. समोर विजेचा खांब होता. तेव्हापासून गेली अडतीस वर्षे, भांडण कशावरही निघो, त्याचा समारोप हिच्या एकाच वाक्याने होतो: "मला पटलं होतं हो, तुम्ही वळलात कशाला?"

त्याखाली लिहिले: पती, नग एक. हिने शेरा सुचवला, पण तो इथे उतरवण्याजोगा नाही. ही रोजनिशी मात्र यादीत घेतली नाही. ती माझ्या पिशवीत असते. घराचा भाग म्हणता येणार नाही.

११ सप्टेंबर, सोमवार

त्र्याहत्तर ओळी डेटाबेसमध्ये भरल्या, एकेक पडताळली आणि टिक केली.

मांडणीबाईंची सूचना मला आठवत होती. परंतु जे तपासले आहे त्याच्यापुढे 'तपासले' न लिहिणे हे असत्य विधान होय, आणि तशी विधाने करण्याचे माझे वय राहिलेले नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

टिक झालेले सगळे काम क्रमाने रेघोबाकडे जाते. त्याने घराचा संच काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यात हिचे चित्र आहे. चष्मा चेहऱ्यापासून बोटभर पुढे, दोन्ही गुडघे आपल्या जागेवरून किंचित खाली, तुटक रेघा, फुगे. डावी भुवई उंचावलेली. उजव्या गुडघ्यावर अर्धचंद्राकृती व्रण.

व्रण मी लिहिलेला नव्हता. रेघोबाने हिला पाहिलेले नाही. त्याला विचारले, तर त्याने पेन्सिलीला टोक काढणे थांबवले नाही. ओळ वाचायची आणि हाताला अडवायचं नाही, एवढंच तो म्हणाला.

चित्र घरी दाखवले. हिने ते खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाली की इतकं उलगडून मला कधी कुणी पाहिलं नव्हतं. थट्टा होती की नाही, ते ठरवता आले नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

पायऱ्या अठरा आहेत.

संध्याकाळी तीनदा मोजल्या. हिला विचारले, तर ही म्हणाली की नऊ आणि नऊ, मधे मी बसते, रोजचंच आहे. खालच्या बांधणीवाल्याला विचारले. त्याच्या वडिलांनी हा जिना बांधून घेतला. अठरा, तो म्हणाला, आणि माझ्याकडे काळजीने पाहिले. ४ तारखेची नोंद काढून पाहिली: एकोणीस, माझ्याच अक्षरात.

१९ सप्टेंबर, मंगळवार

डेटाबेसमध्ये पायऱ्यांच्या ओळीत 'नग अठरा' आहे. भरताना माझ्याकडूनच चूक झाली होती. काल ती आवृत्ती छापून बाहेर पडली.

एका उदाहरणावरून व्याप्ती सिद्ध होत नाही. जिन्यापेक्षा निरुपद्रवी अशी दुसरी वस्तू घ्यावी लागेल. नळाच्या ओळीतला 'गळका' हा शब्द काढला. टिक केली.

२५ सप्टेंबर, सोमवार

नळ गळत नाही. त्याखाली ठेवलेले पातेलेही तिथे नाही. ही म्हणाली, नळ कधी गळत होता? मी वाद घातला नाही. आनंदाच्या भरात माणूस बारीकसारीक विसंगतीकडे काणाडोळा करतो, आणि मी आनंदात होतो, हे कबूल करतो. वर्गात मी अशा विद्यार्थ्याला बाकावर उभे केले असते.

२८ सप्टेंबर, गुरुवार

हिचा गुडघा सुजला आहे. डॉक्टरांनी पाहिले; झीज फार आहे, शस्त्रक्रियेचाही भरवसा देता येत नाही, असे म्हणाले. परतताना ही नवव्या पायरीवर बसली ती उठेना. भिंतीकडे तोंड करून रडली. मी वाट पाहत होतो की आता ते वाक्य येईल. आले नाही. अडतीस वर्षांत पहिल्यांदा हिने मला दोष दिला नाही, आणि ते मला ऐकवेना.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

'दुखरा' हा शब्द काढून टाकला. टिक केली. एवढेच.

२ ऑक्टोबर, सोमवार

आज मी आनंदात आहे, हे नमूद करतो. सुट्टी असली तरी सोमवारची छपाई चुकत नाही; मी कचेरीतून आलो तेव्हा ही खाली बांधणीवाल्याच्या दाराशी उभी होती. अठरा पायऱ्या आपल्या आपण उतरून आली होती. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्यापुढे भरभर चढून गेली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तो असा. हे कुणाला सांगायचे नाही, असे ठरवले आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवसांत घरात एकही वाद झालेला नाही.

मी म्हणालो खिडकी उघडी ठेवू, बरं, म्हणाली. थोड्या वेळाने म्हणालो बंद करू; बरं. मुद्दाम म्हणालो की बायकांना तर्क कळत नाही. हे वाक्य मी एरवी वर्षातून एकदा, खुंटा हलवून पाहावा तसे वापरतो. हसून बरं म्हणाली आणि ताट वाढले.

जेवताना सायकलीचा विषय काढला. कुठली सायकल, असे तिने विचारले. अगदी मोकळेपणाने, हात धुता धुता. मी उजव्या गुडघ्यावरचा व्रण पाहायला मागितला. तिने दाखवला गुडघा. व्रण नाही.

चेहरा तोच. आवाज तोच. डावी भुवई जागची हललेली मात्र तीन दिवसांत पाहिलेली नाही. तिला 'ही' म्हणणे जमत नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सोमवारची छापील आवृत्ती काढून वाचली. टिक करताना मी माझा एक शब्द तेवढा पाहिला होता. क्रमांक संगणक पाडतो, ते पाहिले नव्हते.

उजवा गुडघा: नवा क्रमांक. साहजिक आहे. दुखरा गुडघा आणि न दुखणारा गुडघा एकच काम करत नाहीत. त्याच्या वरची ओळ, पत्नी: नवा क्रमांक. आणि जुन्या क्रमांकापुढे शेरा: आता बनत नाही.

लेकरू बदलले की आई बदलते. मी हा नियम सुंदर म्हणून वहीत उतरवून घेतला होता.

त्या गुडघ्यात नुसते दुखणे नव्हते. त्यात तो खांब होता, मी वळलो ते होते, हिने मला माफ केले ते होते, आणि माफ केल्यावरही रोज ऐकवले ते होते. मी एक शब्द काढला आणि सगळे त्याच्याबरोबर निघून आले.

मांडणीबाईंना सर्व सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या संगणकावर एक संच उघडून दाखवला. त्यांच्या स्वतःच्या घराचा, नऊ वर्षांपूर्वीचा. 'तपासले' ही चौकट रिकामी. रोज सकाळी आल्यावर आधी ती रिकामी आहे ना, एवढं बघते, म्हणाल्या. त्यात नवऱ्याच्या नावात काना राहिलाय, पण तोसुद्धा दुरुस्त करायची छाती होत नाही. मग हळूच म्हणाल्या, "सर, दोनदा सांगितलं होतं मी तुम्हाला."

जुना क्रमांक परत चालू करता येतो का, असे विचारले. येत नाही. मागे जाता येत नाही. नवी नोंद करून जुन्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे.

ताबडतोब 'दुखरा' हा शब्द पुन्हा घातला. टिक केली.

८ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन आला. ती दूर राहते, यादीत नाही. तिला मूळची आई आठवत असणार, असा माझा सगळा युक्तिवाद होता. दोघी अर्धा तास बोलल्या. मग मी फोन घेतला. लेक म्हणाली की आई किती शांत झालीय हो, मला फार बरं वाटलं. मी सायकलीबद्दल विचारले. ती लहान मुलाशी बोलावे तशी म्हणाली की बाबा, तुमची झोप होते ना नीट?

९ ऑक्टोबर, सोमवार

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असे ही म्हणाली असती.

घरात तिसरीच आहे. गुडघा धरून कोपऱ्यात बसून असते. कण्हते. केव्हापासून दुखते विचारले, ठाऊक नाही. कशाने, ठाऊक नाही. मी पाणी दिले तर माझ्याकडे न पाहता घेतले. दुखणे आहे, पण ते कुणी दिलेले नाही, म्हणून ऐकवायला कुणी समोर नाही.

व्रण नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

कालपासून शेऱ्याचा रकाना भरतो आहे. चूक अपुरेपणाची होती, तेव्हा उपाय संपूर्णतेचा. विजेचा खांब. उतार. हिच्या साडीची हिरवी किनार. मी मांडत होतो तो मुद्दा. किती टाके. डॉक्टरांसमोर हिने मला कसे सांभाळून घेतले, आणि घरी आल्यावर कसे घेतले नाही. भुवई. ते वाक्य, जसेच्या तसे.

एक ओळ राहिली. 'सायकल चालवणारा: —'

इथे कुणाचेही नाव न घालता पुढे जाता आले असते. 'सायकलवरून पडली' एवढेही पुरले असते. परंतु कर्त्यावाचून क्रिया नाही. 'पती' असे लिहिले. खाली माझ्या ओळीतही त्याची नोंद केली, म्हणजे दोन्ही ठिकाणी मेळ राहील.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

चार वेळा पडताळले. मांडणीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी सगळे वाचले, आणि म्हणाल्या की सर, थोडं कमी लिहा. कमी म्हणजे काय कमी, ते त्यांना सांगता येईना. डोळ्यांत पाणी होते.

टिक केली.

रेघोबाने दुपारी चित्र आणून ठेवले. व्रण आहे. भुवई आहे. ही आहे. मी तिथेच, दोघांच्या देखत, रडलो.

चित्रात पतीचा फुगाही आहे. तिकडे नीट पाहिले नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

धावत घरी आलो. घरात कुणी नाही. तिसरी नाही. ही नाही. हिचा चष्मा, हिच्या साड्या, काही नाही.

परत कचेरीत गेलो. छापील पान.

पत्नी: नवा क्रमांक. शेरा — नव्या पतीसोबतच वापरावा.

पती: नवा क्रमांक. सायकल चालवणारा, मागे वळणारा. पूर्वी माझ्या ओळीत हे काम लिहिलेले नव्हते. काम बदलले. क्रमांक बदलला.

खाली जुना क्रमांक. तो माझा. शेरा — जुना साठा संपेपर्यंत वापरावा.

पतीचे नग, दर घरी, एकच.

१७ ऑक्टोबर

मांडणीबाईंना हाक मारली. त्यांनी डोक्यावरचा चष्मा टेबलावर शोधला, दोनदा माझ्या हातावरून हात फिरवला, आणि शोधत राहिल्या. रेघोबाने वर पाहिले. त्याने पाहिले, हे नक्की. मग पेन्सिलीला टोक काढू लागला.

माझ्या खुर्चीवर माझी खुर्ची नवी कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी पुसून ठेवली होती — हे वाक्य चुकले आहे. दुरुस्त करता येत नाही.

लेकीला फोन केला. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी बोलत होतो.

१८ ऑक्टोबर

माझी ओळ उघडायला गेलो. उघडते. अक्षर उमटत नाही. जुन्या क्रमांकात बदल करता येत नाही — नियम —

माझा वाचायचा चष्मा सकाळपासून नाही. पानाला नाक लावून लिहितो आहे. बांधणीवाला जिन्यात भेटला, माझ्यातून नव्हे, माझ्या बाजूने गेला. पण वाट दिल्यासारखा नव्हे.

एक युक्तिवाद उरतो. ही रोजनिशी यादीत नाही. तेव्हा हिच्यात लिहिलेले —. तेव्हा हिच्यात लिहिलेला मी —

निष्कर्ष निघत नाही.

१९ ऑक्टोबर

खाली रिक्षा थांबली. बॅगा उतरवल्याचा आवाज.

टेबलाशी बसलो आहे. दाराकडे पाठ आहे. खुर्ची वळत नाही, की मी —

जिन्यात दोघे आहेत. एकीचे उजवे पाऊल ओढत चढते आहे. ते मी कुठेही ओळखीन. मधल्या वळणावर थांबले. बसली. तो बॅगा घेऊन वर येतो आहे. मोजतो आहे, मोठ्याने, माझ्याच आवाजात. सोळा. सतरा. अठरा.

त्याला बरोबर वाटले. खूश आहे.

पायऱ्या मोजून काय मिळतं, हिने खालून विचारले. ही. हीच. ज्ञान, तो म्हणाला.

हाक मारली. आवाज —

किल्ली लागली. तो आत आला. बॅगा ठेवल्या. परत खाली गेला, हाताला धरून घेऊन आला. काहीतरी पटवतो आहे तिला, थांबत नाही, मला माहीत आहे कुठला मुद्दा — माझ्या अगदी मागे — आणि ती हसली, आणि म्हणाली,

मला पटलं होतं हो, तुम्ही वळलात कशाला —

मला नाही. त्याला. मी वळून एकदा, एकदाच, नुसतं बघाय